आमच्या हद्दीतले चौदा पाढे

आमचं घर म्हणजे पाटाची चौकी. राहुरीच्या अलीकडे मुख्य पाट जिथे वळण घेतो तिथे काठावर दोन खोल्या, पुढे ओटा, मागे एक कडुलिंब, आणि चारी बाजूंना दुसऱ्यांची शेतं. गाव दोन कोसांवर. माझे वडील, आबा, पाटकरी होते. पाटाला ठिकठिकाणी लोखंडी दारं असतात. दार उघडलं की पाणी चारीत उतरतं आणि चारीतून शेतांकडे जातं. कुणाच्या शेताला किती तास पाणी, हे कागदावर ठरलेलं असे. त्याप्रमाणे दार उघडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं, हे आबांचं काम. त्यांच्या हद्दीत अशी चौदा दारं होती. पंधराव्यापासून पुढे दुसऱ्या पाटकऱ्याची हद्द.

पाट चालू असला की घरात सतत पाण्याचा आवाज असे. दुसऱ्या दाराजवळ पाणी थोडं खाली पडायचं, त्याचा आवाज चुलीपर्यंत यायचा. आम्ही सगळे मोठ्याने बोलायचो ते त्यामुळेच. मी आजही मोठ्याने बोलते आणि घरच्यांना वाटतं म्हातारी भांडते आहे. पाणी तोडलं की एकदम सामसूम व्हायची. आई म्हणायची, "आता कुठं माणसाचं बोलनं कानावर पडाया लागलं." मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पण पाणी तोडल्यावर पाटाच्या तळाशी डबकी उरायची आणि डबक्यांत बोटाएवढे मासे अडकलेले असत. आई जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन उतरायची, मी एक टोक धरायची. तिखट, मीठ आणि हळद लावून तव्यावर भाजलेले ते मासे, गरम बाजरीची भाकरी. आबा स्वतः जेवायच्या आधी काटे काढून मासा माझ्या ताटात टाकायचे. एरवी रोजचं जेवण म्हणजे भाकरी, शेंगदाण्याची चटणी, नाही तर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. मला माडगं आवडत नसे. खायला लागायचं.

शाळा गावात होती आणि मी शाळेत नव्हते. वाटेत एक ओढा होता, पाट चालू असला की त्यात सांडव्याचं पाणी यायचं, आणि एकट्या पोरीला रोज दोन कोस पाठवायला आई तयार नव्हती. माझ्या मागे आणखी कुणी भावंड जगलं नाही, म्हणून ती माझ्या बाबतीत जास्तच घाबरायची. आबा म्हणाले, "मी शिकवतो." आबा तिसरीपर्यंत शिकलेले. त्या वेळी पाटावरच्या माणसांत ते विद्वान समजले जात. वाचायला त्यांनी मला आठ-दहा महिन्यांत शिकवलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते गणिताचं.

आबांची शिकवण्याची रीत पाटावरून आलेली होती. सकाळी दिवस उगवायच्या सुमारास ते दारं बघायला निघायचे, मी बरोबर. पहिल्या दारापाशी एकाचा पाढा, दुसऱ्यापाशी दोनाचा, सातव्यापाशी साताचा. दाराच्या चाकाला हात घालून ते चाक फिरवायचे आणि मी म्हणायची, "सात एके सात, सात दुणे चौदा." गंजलेलं चाक असलं तर ते करकरायचं आणि मला त्याच्याहून मोठा आवाज काढावा लागायचा. पाढा संपल्याशिवाय आबा पुढे पाऊल टाकायचे नाहीत, मग शेतकरी समोर उभा राहून हात जोडो की शिव्या देवो. चौदाव्या दाराला चौदाचा पाढा झाला की आम्ही मागे फिरायचो. येताना भूक लागलेली असे.

घरी आल्यावर न्याहारी आणि मग पाटी. आबा म्हणायचे, "आदी शिळं, मग ताजं." म्हणजे आधी कालचं गणित, मग आठवड्यामागचं, मग महिन्यामागचं, आणि ही तिन्ही न चुकता आली तरच एक नवीन. चुकलं तर त्या दिवशी नवीन नाही. मारणं नाही, ओरडणं नाही, फक्त नवीन नाही. मला त्या नवीनची इतकी ओढ असायची की मी शिळं कधी चुकायची नाही. गणितं सगळी पाण्याची. "एकराला तीन तास. पाच एकराला?" पंधरा. "दीड एकराला?" साडेचार. "आठ एकर म्हनतोय, आन पानी घेतलंय सत्तावीस तास. किती एकर लपवलंय?" एक एकर. असलं गणित आलं की आबा आनंदाने मांडीवर थाप मारायचे. दोन वर्षांत मी असली किती गणितं केली असतील कोण जाणे. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितली असती.

आता माझी नातसून तिच्या मुलीला घरीच शिकवते. शाळेत घातलीच नाही. नगरला त्यांच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर रंगीत तक्ता आहे, त्यात रोजच्या गणिताचे रकाने आहेत, एक रकाना रिव्हिजनचा आणि एक चॅलेंजचा. मागच्या महिन्यात तिने मला विचारलं, आजी, तुम्ही पण घरीच शिकला होता ना, मग तुमच्या वेळी हे कसं असायचं? मी म्हटलं, एक रकाना माझ्या बापाचा होता आणि एक आईचा, आणि दुसरा रकाना उघडायला आमची आधी फजिती व्हावी लागली. तिला वाटलं मी चेष्टा करते. म्हणून हे लिहायला बसले.

मी दहा वर्षांची झाले तेव्हा आत्याचा निरोप आला. आत्या श्रीरामपूरकडे दिलेली. तिच्याकडे चार म्हशी आणि तीन लहान पोरं. ती म्हणाली, शेवंता नाहीतरी शाळेत जात नाही, चौकीवर बसून काय करते, माझ्याकडे पाठवा, खाईल-पिईल, कामाला लागेल, दोन वर्षांनी मीच स्थळ बघीन. आबांना बहिणीला नाही म्हणता येत नसे. त्यांनी एकच पळवाट काढली. ते म्हणाले, "पोरगी शाळेत घालायची हाय. आता वढा वलांडन्याइतकी झाली. चौथीला बसवतो." आत्याने उलट निरोप पाठवला की चौथीला घेतलं तर राहू दे, नाही घेतलं तर माझ्याकडे. म्हणजे सगळं चौथीवर येऊन ठेपलं. मला म्हशींची भीती नव्हती. पण आत्याच्या घरी मी एकदा आठ दिवस राहिले होते आणि त्या आठ दिवसांत माझ्याशी कामाशिवाय कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

संक्रांत झाल्यावर आबा मला शाळेत घेऊन गेले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, पायात कातडी वहाणा. शाळा म्हणजे एक लांब खोली आणि तिच्यात चारही इयत्ता. गुरुजी उंच, बारीक, एका खांद्याने थोडे वाकलेले. आबांनी सांगितलं, घरीच शिकवलंय, गणितात चौथीच्या पोरांना ऐकायची नाही. गुरुजींनी मला समोर उभं केलं.

"साताचा पाढा म्हण."

म्हटला.

"तेराचा."

तोही म्हटला, न अडखळता. पोरं माना वळवून बघायला लागली. आबांची छाती वर आली.

"छान. सतराचा म्हण."

"सतरा आमच्या हद्दीत न्हाई," मी म्हणाले.

सगळी खोली हसली. गुरुजीही हसले, पण वाईट हसले नाहीत. मला कळेना काय झालं. मला खरोखरच वाटत होतं की पाढे चौदापर्यंत आमचे आणि पंधरापासून पुढच्या पाटकऱ्याच्या पोरांचे. आबांनी तसं कधी सांगितलं नव्हतं, पण त्याच्या उलटही सांगितलं नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "राहू दे. पाढे काय, पाठ होतील. एक गणित सांग. चार बायका एक शेत सहा दिवसांत खुरपतात. त्याच शेतात आठ बायका लावल्या तर किती दिवस लागतील?"

मला वाटलं हे तर आबांचंच गणित. चाराला सहा, तर आठाला दुप्पट. पाटावर दुसरं काही होतच नसे. जास्त एकर, जास्त तास. मी लगेच म्हणाले, "बारा."

कुणी हसलं नाही, कारण पोरांनाही उत्तर येत नसावं. गुरुजी माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघत होते. मी वळून पाहिलं. आबा मान डोलवत होते.

गुरुजींनी विचारलं, "पाटकरी, तुम्ही काय म्हणता?"

"बराबर हाय," आबा म्हणाले. "बाराच."

गुरुजींनी आबांना ओट्यावर नेलं आणि हळू आवाजात समजावलं. मी खोलीत उभी होते तिथून मला शब्द ऐकू आले नाहीत, आबांची पाठ दिसली. ती पाठ एकदम लहान झाली. परत आल्यावर गुरुजी मला म्हणाले, "बाळ, तुला पाठ भरपूर आहे. पण मी आकडा तोच ठेवून गोष्ट बदलली की तू अडतेस. आत्ता घ्यायचं तर पहिलीत घेईन. चौथीसाठी जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पुन्हा आण म्हणावं."

पहिलीतली पोरं सहा वर्षांची होती. माझे गुडघे त्यांच्या खांद्याला लागले असते.

परतीच्या वाटेवर आबा पुढे पुढे चालत राहिले. ओढ्यापाशी त्यांनी मला पाठीवर घेतलं, पाणी घोट्याएवढंच होतं तरी. घरी आईने विचारलं काय झालं, तर मीच सगळं सांगितलं, बारा आणि आबांचं बराबर हाय, सगळं. मला अक्कल नव्हती. आई खाली बसून हसली. ती कामाच्या दिवसांत बायकांच्या टोळीबरोबर खुरपायला जायची, तिला लिहिता-वाचता काही येत नव्हतं.

"अवो, चार बायांना सा दिवस लागत्यात, आन आठ आल्या म्हनून बारा? मग त्या खुरपाया आल्या का बांधावर निजाया? तीन दिवसांत उरकत्यात, त्यात काय!"

आबा भरल्या ताटावरून उठले आणि बाहेर जाऊन बसले. आईचं हसू तिथेच थांबलं. तिने त्यांचं ताट झाकून ठेवलं. ते संध्याकाळपर्यंत तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होऊन ओट्यावर उभी राहिले, तर आबा माझ्याकडे न बघता एकटेच निघून गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. पाटी खुंटीला होती ती कुणी काढली नाही. मला वाटलं माझ्यावर राग आहे. राग नव्हता. मी आता त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या दुपटीहून म्हातारी आहे, मला कळतं. ते मला दोन वर्षं शिकवत होते आणि त्यांच्याजवळ जेवढं होतं तेवढं संपलं होतं. नवीन गणित म्हणून ते जे रोज द्यायचे तेही जुनंच होतं, एकर बदललेलं. हे त्यांना गुरुजींच्या ओट्यावर कळलं आणि त्याच वेळी हेही कळलं की आपल्यामुळे पोरगी बहिणीच्या घरी जाणार.

चौथ्या दिवशी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "शेवंते, हितं बस. दोघी जनी भाकरी कराया बसल्या तर येळ कमी लागंल का जास्त?"

"कमी."

"बरं. आन तव्यावरची येक भाकरी भाजायची हाय. पाच बाया तव्याभवती बसल्या. लवकर भाजंल का?"

मी म्हणाले, "लवकर. पाच पट."

"हात भाजंल तुजा," आई म्हणाली. "चुलीतला इस्तू तेवडाच, तवा तेवडाच. बायांनी बघून भाकरी भाजती व्हय?"

त्या दिवसापासून आईचं सुरू झालं. तिचा नियम एकच. आकड्याला हात लावायच्या आधी सांगायचं, वाढंल, घटंल, का तितकंच ऱ्हाईल. खुरपताना, शेण गोळा करताना, डोक्यातल्या उवा बघताना, कधीही विचारायची. तिला स्वतःला पुष्कळदा उत्तर माहीत नसायचं, आणि ते ती लपवायची नाही. मी उत्तर सांगितलं की म्हणायची, "मला न्हाई पटलं. पटव." मग मी चिंचोके मांडायची, गोवऱ्या मांडायची, काड्या मांडायची. तिला पटेपर्यंत सुटका नाही. कधी कधी मला पटवता पटवता कळायचं की माझंच चुकलं आहे. कधी ती उलटं करायची. "उत्तर सा. आता गनित तू सांग." मी तीन दुणे सांगितलं की म्हणायची, "हे शिळं झालं, दुसरं सांग," आणि मला सहा येईल अशी दहा-दहा गणितं बनवावी लागायची.

एक गणित मला तीन दिवस सुटलं नाही. आई म्हणाली, "मी आन टोळीतली सखू येकाच लांबीच्या सऱ्या खुरपतोय. मी दहा हात फुडं हाय. पन मी दोन हात खुरपती तवर सखू तीन हात खुरपती. ती मला कवा गाठंल?" मी पहिल्या दिवशी रडले. आई म्हणाली, "रड. पन रडून झाल्यावर मांड." तिसऱ्या दिवशी मी अंगणात दोन ओळी काड्या लावल्या आणि दोन खडे पुढे सरकवत गेले, एक दोन काड्या, दुसरा तीन काड्या. प्रत्येक वेळी अंतर एका हाताने कमी होत होतं. दहा वेळा सरकवायचं. म्हणजे सखू तीस हात खुरपेल तेव्हा गाठेल. मी आईला ओढत आणलं. ती उकिडवी बसून खडे स्वतःच्या हाताने सरकवून बघू लागली. तेवढ्यात ओट्यावरून आबांचा आवाज आला.

"आन आई तवर वीस हात. तिचे दहा आदीचे. तीसच हुतंय."

ते कधीपासून ऐकत होते कोण जाणे. आईने त्यांच्याकडे बघितलं नाही. फक्त म्हणाली, "पटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी दारातून हाक मारली. "शेवंते, चल."

आम्ही निघालो. पहिलं दार, दुसरं दार, सगळं पहिल्यासारखं. फक्त पाढे त्यांनी उलटसुलट विचारायला सुरुवात केली. पाचव्या दाराला बाराचा, नवव्याला तिनाचा, आणि मध्येच चालता चालता, आठ सक किती, तेरा चोक किती. चौदाव्या दारापाशी मी सवयीने मागे वळले. आबा वळले नाहीत. ते पुढे चालत राहिले. मी म्हणाले, "आबा, ही आपली हद्द न्हाई."

"ठावं हाय," आबा म्हणाले.

पंधराव्या दारापाशी त्यांनी आजूबाजूला बघितलं, तो पाटकरी कुठे दिसत नव्हता. मग बंडीच्या खिशातून उजळणीचं पातळ पुस्तक काढलं. राहुरीच्या बाजारातून आणलेलं. त्यांनी पान उघडलं, डोळ्यांजवळ धरलं आणि आधी स्वतः म्हणाले, "पंधरा एके पंधरा." त्यांनाही तो येत नव्हता. आम्ही दोघांनी पंधराव्या दारावर बसून तो पाठ केला, ते एकदा, मी एकदा. ते चुकले तर मी हसायची आणि ते मला हसू द्यायचे. दुसऱ्या आठवड्यात सोळावं दार. सतराव्या दाराला पोचेपर्यंत चैत्र लागला होता, उन्हाने डोकं तापायचं, आणि त्या दाराचा पाटकरी समोरून सायकल ढकलत आला.

"काय हो, आमच्या दारावं काय चाललंय?"

"पोरीला सतराचा येत न्हवता," आबा म्हणाले. "तुमच्याकडं हाय म्हनून आलो."

त्या माणसाला काही समजलं नसणार. पण त्याने आम्हाला त्याच्या फडक्यातली कैरी दिली.

जूनपर्यंत घर असं चाललं. सकाळी आबांबरोबर शिळं, दिवसभर आईचं अवघड. आबा आता शिळं विचारतानाही गोष्ट बदलायचे, एकराच्या ऐवजी बाया, बायांच्या ऐवजी बैल, आणि विचारून झालं की आईकडे बघायचे, बरोबर विचारलं ना म्हणून. आई मान हलवायची. त्या चार महिन्यांत मी त्या दोघांना जेवढं एकमेकांशी बोलताना ऐकलं तेवढं त्याच्या आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी आम्ही तिघं निघालो. शाळेच्या अलीकडे रस्त्याखालून पाणी जायला एक लहानशी मोरी आहे, तिथे आबा थांबले. आईला म्हणाले, "तू जा तिच्यासंगं."

"मी? मला काय कळतंय तिथलं?"

"मी आत आलो का मान हालती माजी," आबा म्हणाले, आणि मोरीच्या कठड्यावर बसले.

आई उभ्या जन्मात शाळेच्या आत गेलेली नव्हती. ती उंबऱ्यापाशी खाली बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढून. गुरुजींनी मला ओळखलं. सतराचा पाढा त्यांनी हसत हसत विचारला आणि मी म्हटला. सहा माणसं आठ दिवसांत विहीर खणतात, बारा माणसं? चार दिवस. आणि तीनच माणसं आली तर? सोळा. गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"आता एक अवघड. एका हौदावर दोन नळ आहेत. पहिला एकटा सोडला तर हौद तीन तासांत भरतो. दुसरा एकटा सोडला तर सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती तासांत भरेल?"

हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. तीन आणि सहा नऊ, हे जिभेवर आलं होतं. मी जीभ धरून ठेवली. वाढेल, का घटेल? एकटा पहिलाच तीन तासांत भरतो. दुसरा मदतीला आला, म्हणजे तिनापेक्षा कमी. किती कमी ते दिसेना. गुरुजींनी घाई केली नाही. मग मी मनात दोन्ही नळ सहा तास चालू ठेवले.

"दोन तास," मी म्हणाले.

"बरोबर," गुरुजी म्हणाले.

"मला न्हाई पटलं," आई उंबऱ्यावरून म्हणाली.

सगळी खोली तिच्याकडे वळली. तिच्या तोंडून ते सवयीने गेलं होतं. तिने पदर आणखी पुढे ओढला, पण शब्द मागे घेतला नाही.

गुरुजी म्हणाले, "बाई, उत्तर बरोबर आहे."

"तुमचं बराबरच आसंल, गुरुजी. पन दोनच का? आडीच का न्हाई?"

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी टेबलावरची खडूची पेटी उचलून माझ्या हातात दिली. "पटव त्यांना."

मी आईसमोर उंबऱ्यावर बसले. "आई, दोन्ही नळ सा तास चालू ठिवले. पयल्यानं किती हौद भरले?"

"तीन तासाला येक. म्हंजी दोन."

मी दोन खडू मांडले. "आन दुसऱ्यानं?"

"त्यो गरीब. येकच."

मी तिसरा खडू ठेवला. "सा तासांत तीन हौद. मग येका हौदाला?"

आई खडूंकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. एका खडूवर तिने बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. चौथीतल्या काही पोरी उठून आमच्याभोवती उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्यातली एकही हसली नाही, कारण त्यांनाही तेव्हाच कळत होतं.

"दोन तास," आई म्हणाली. "पटलं."

गुरुजींनी हजेरीचं मोठं पुस्तक उघडलं. जन्मतारीख विचारली. आई म्हणाली, पाटाला लई मोठं पाणी आलं त्या साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी. गुरुजींनी थोडा विचार करून काहीतरी लिहिलं. तीच तारीख आज माझ्या आधार कार्डावर आहे आणि घरचे त्या दिवशी केक आणतात. इयत्ता म्हणून त्यांनी चौथी लिहिलं. मी चौथी पास झाले. पुढची शाळा लांब होती आणि आबांची बदली झाली, त्यामुळे माझं शिक्षण तिथेच थांबलं. त्याचं दुःख करायला मला कधी वेळ झाला नाही. आत्याकडे मात्र मी गेले नाही.

पण त्या दिवसाचं राहिलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा आबा मोरीवरून उठून उभे राहिले. आमचे चेहरे बघून त्यांना कळायला हवं होतं. कळलं नाही, किंवा त्यांनी बघितलं नाही. ते म्हणाले, "काय इचारलं?"

मी सांगितलं. हौद, दोन नळ, तीन तास, सहा तास.

आबा तिथेच रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. एक काडी उचलून त्यांनी धुळीत चौकोन काढला आणि त्याला दोन चाऱ्या काढल्या. बाजूला नऊ लिहिलं. बराच वेळ नवाकडे बघितलं आणि पंजाने पुसून टाकलं. मग साडेचार लिहिलं. आईने तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला. आबांनी साडेचारही पुसलं. ऊन वर आलं होतं. बाजूने एक बैलगाडी गेली, गाडीवानाने विचारलं, पाटकरी, काय हरवलं? आबांनी मान वर केली नाही. आम्ही दोघी त्यांच्यावर सावली पडेल अशा उभ्या राहिलो. त्यांनी पहिल्या चारीखाली दोन रेघा ओढल्या, दुसऱ्या चारीखाली एक, आणि काडी तशीच हातात धरून तीन रेघा पुन्हा पुन्हा मोजल्या. शेवटी दोन लिहिलं. ते त्यांनी पुसलं नाही.

मग ते उठले, धोतराची धूळ झटकली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "घेतलं का तुला?"